विभागीय नियोजन बैठकीला बसण्याआधीची तयारी

मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, विभागीय पुढाऱ्यांची नियोजन बैठक दोन-तीन दिवसांची असते. बिशप, जिल्हा अधीक्षक, मिशन आणि शिक्षण समित्यांचे प्रमुख, खजिनदार, मंडळ्यांचे प्रतिनिधी असे सगळे एकत्र बसतात. पण त्या दिवसांत काय हाती लागणार, हे आधीच्या तीन महिन्यांत ठरलेलं असतं, म्हणून ही यादी त्या तीन महिन्यांची आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. अशा बैठकांचा बराचसा वेळ पाळकांच्या बदल्या, इमारती आणि अंदाजपत्रक यांत जातो. ज्यांच्या खांद्यावर मंडळी आठवडाभर उभी असते ते गृहसभा चालवणारे, रविवार शाळेचे शिक्षक, आजाऱ्यांच्या घरी जाणारे आणि स्थानिक उपदेशक मात्र शेवटच्या सत्रात, निघायच्या घाईत आठवतात. तयारी अशी हवी की हा क्रम उलटावा.

सर्वात आधी बैठकीचे प्रश्न ठरवा. विषय नव्हे, प्रश्न. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने पहिली परिषद जून १७४४ मध्ये लंडनच्या फाउंड्रीत, म्हणजे चळवळीच्या तिथल्या केंद्रात, बोलावली, तेव्हा तिच्यासमोर तीनच प्रश्न होते: काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि काय करायचं, म्हणजे शिकवण, शिस्त आणि आचरण यांची घडी कशी बसवायची. त्या परिषदेचं इतिवृत्तही प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेलं आहे. ही पद्धत आजही उपयोगी पडते. ‘युवक सेवाकार्य’ असा विषय लिहिला की प्रत्येकजण आपला अहवाल वाचून खाली बसतो. ‘दृढीकरणानंतर (स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देण्याच्या विधीनंतर) आपली मुलं उपासनेला येणं का थांबवतात, आणि येत्या वर्षात आपण त्यांच्यापैकी कोणाकडे जाणार?’ असं लिहिलं की अहवाल पुरत नाही, उत्तर द्यावं लागतं. असे तीन, फार तर चार प्रश्न पक्के करा आणि निमंत्रणाच्या पत्रातच छापा. पाचवा प्रश्न कितीही महत्त्वाचा वाटला तरी पुढच्या वर्षासाठी ठेवा.

मग माणसं. १७४४ च्या त्या परिषदेत दहा जण होते: जॉन आणि चार्ल्स या वेस्ली बंधूंसह सहा जण दीक्षित धर्मसेवक आणि चार जण सामान्य, म्हणजे दीक्षा न झालेले, उपदेशक. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून निर्णयाच्या मेजाभोवती दोघेही होते. तुमच्या यादीत पाळक आणि सामान्य सभासद यांची संख्या निदान बरोबरीची आहे का, ते मोजून बघा. स्त्रिया किती, तिशीच्या आतले किती, लहान मंडळ्यांतले किती, हेही पाहा. नोकरी-धंदा करणाऱ्यांना रजा काढावी लागते, म्हणून त्यांना तारीख सर्वांआधी कळवा आणि बैठकीचा काही भाग शनिवारी ठेवा. येण्याजाण्याचा खर्च विभाग देणार असेल तर तसं पत्रात स्पष्ट लिहा. पैशांमुळे येऊ न शकणारा माणूस तसं सांगत नाही, ‘त्या दिवशी जमणार नाही’ एवढंच म्हणतो.

आता आकडे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आकडे सगळ्यांकडे असतात आणि ते नीट वाचणारे थोडे असतात. वार्षिक अहवालातून प्रत्येक मंडळीची निदान पाच वर्षांची माहिती काढा आणि एका मंडळीला एकच पान द्या. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्च या मोठ्या मेथडिस्ट संघटनेने मंडळीतलं चैतन्य जोखण्यासाठी पाच खुणा धरल्या होत्या: उपासनेला येणारे, विश्वासाची कबुली देऊन नव्याने आलेले, लहान गटांत वाढणारे, मिशनकार्यात प्रत्यक्ष उतरणारे आणि मिशनसाठी दान देणारे. सुरुवातीला एवढ्या पुरतात. नुसती सभासदसंख्या मात्र धरू नका. नोंदवहीत नाव असलेली कितीतरी कुटुंबं गाव सोडून गेलेली असतात. सभासद दोनशे आणि उपासनेला चाळीस, यापेक्षा सभासद साठ आणि उपासनेला पन्नास ही मंडळी अधिक जिवंत असू शकते.

या पाच खुणांच्या शेजारी मी एक सहावा रकाना आवर्जून काढायला सांगतो: पाळक सोडून या मंडळीत नियमितपणे काहीतरी चालवणारी माणसं किती, आणि त्यांतली गेल्या तीन वर्षांत नव्याने पुढे आलेली किती? हा आकडा कोणत्याही छापील अहवालात नसतो. पाळकांना किंवा मंडळीच्या सचिवांना फोन करून, नावं विचारून तो भरावा लागतो. तो भरताना मंडळीचं खरं चित्र दिसू लागतं. एखाद्या मंडळीत उपासनेला गर्दी असते, पण सगळी कामं तीनच माणसं करत असतात आणि तिघांचीही साठी उलटलेली असते. दुसरीकडे पंचवीस जणांची मंडळी असते आणि त्यातले नऊ जण कशाची ना कशाची जबाबदारी वाहत असतात. पहिलीची काळजी आजच करायला हवी, जरी तिचे बाकीचे सगळे आकडे चांगले असले तरी.

हा रकाना माझ्या मनाचा नाही, मेथडिस्ट चळवळीच्या घडणीतच तो आहे. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या मेथडिस्ट सभागृहावरचं कर्ज फेडायचं होतं. सभासदांचे बारा-बारांचे गट करावेत, एकाने दर आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी, आणि जो देऊ शकणार नाही त्याची पेनी आपण भरावी, असं ठरलं. पेनी मागायला गेलेल्या माणसांना घरातली परिस्थिती दिसली: कोणी व्यसनात, कोणी भांडणात, कोणी आजारी, कोणी देवापासून दुरावलेलं. वेस्लीने त्यातलं मर्म ओळखलं आणि कर्जवसुलीची सोय ही आत्मिक देखभालीची व्यवस्था झाली. तीच क्लास मीटिंग. ती चालवणारे बहुतेक साधे कामकरी होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या. फिरते उपदेशक महिनोन्महिने पुढच्या गावी असत, तेव्हा मंडळी टिकवून ठेवली ती या क्लास लीडरांनी. म्हणून तयारीच्या यादीत हे प्रश्न हवेतच: विभागात आज किती गट दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला भेटतात? ते चालवणाऱ्यांना शेवटचं प्रशिक्षण कधी मिळालं? आणि त्यांची स्वतःची विचारपूस कोण करतं? तिसऱ्या प्रश्नावर बहुधा शांतता पसरते. ते उत्तर शोधण्यासाठी बैठकीत निदान अर्धं सत्र राखून ठेवा.

आकडे हाती आले की भेटी. सगळ्या मंडळ्यांना जाणं शक्य नसतं. मोठी, लहान, जुनी, नव्याने सुरू झालेली, दुसऱ्या मंडळीत विलीन झालेली, अशा वेगवेगळ्या स्थितींतल्या काही निवडा. दोघांची जोडी पाठवा, एक पाळक आणि एक सामान्य सभासद. त्या जिल्ह्याचे अधीक्षक त्या जोडीत नसावेत. अधीक्षक प्रेमळच असतात, पण नेमणुकीवर ज्यांचा शब्द चालतो त्यांच्यासमोर लोक जपून बोलतात, पाळक तर फारच जपून. भेट साध्या रविवारी ठेवा. वर्धापनदिन नको, हंगामाचा सण नको. उपासना संपल्यावर चार माणसांशी बसून बोला आणि त्यातला एक तरी कोणत्याही समितीत नसलेला असू द्या. विचारायचं एवढंच: गेल्या वर्षात इथे देवाचं काम कुठे दिसलं? कशामुळे थकायला होतं? कोण येईनासं झालं, आणि त्याच्याकडे कोणी गेलं का? विभागाकडून काय हवं, आणि काय नको? शेवटच्या ‘काय नको’ला मोकळी उत्तरं मिळतात. फॉर्म कमी करा, एकाच माहितीसाठी तीन कार्यालयांतून फोन नकोत, परिपत्रकं कमी पाठवा. ती उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्या, सौम्य करू नका.

लहान मंडळ्यांबद्दल एक विनंती. बैठकीच्या कागदपत्रांत ‘कमकुवत’, ‘मरणपंथाला लागलेली’ असे शब्द वापरू नका. ते कागद मंडळीपर्यंत पोचतातच, आणि वीस माणसं कित्येक वर्षं निष्ठेने दिवा लावत आलेली असतात. परिस्थिती लपवायची नाही, पण ती आकड्यांत आणि वस्तुस्थितीत सांगा. शिक्का मारू नका.

मिशनची तयारी मंडळीच्या दाराबाहेर करायची असते. प्रत्येक मंडळीला सांगा की आपल्या परिसरातून एकदा पायी फिरा आणि शाळेचे मुख्याध्यापक, दवाखान्यातल्या परिचारिका, वृद्धांची काळजी घेणारे यांच्यापैकी दोघा-तिघांशी बोला: इथे लोकांना कशाची चणचण आहे, आणि ती भागवायला आधीच कोण झटतंय? वेस्लीने १७४६ मध्ये लंडनमध्ये गरिबांसाठी मोफत औषधं देण्याची सोय केली आणि त्याच वर्षी गरजूंना छोटी कर्जं देणारा निधी उभारला. कर्ज तीन महिन्यांत फेडायचं असे. गरज समोर दिसली, मग काम सुरू झालं. आपल्याकडे पुष्कळदा कार्यक्रम आधी ठरतो आणि गरज नंतर शोधली जाते. विभागाने बैठकीआधी एवढं करावं: कोणती मंडळी काय करते याचा एक तक्ता. शेजारच्या दोन मंडळ्या एकाच वस्तीत तेच काम वेगवेगळं करत असतील तर तो दाखवेल, आणि जिथे कोणीच पोचलेलं नाही ती जागाही दाखवेल.

काय थांबवायचं याची यादीही आधीच तयार ठेवा. हे अवघड काम आहे आणि ऐन बैठकीत ते कधीच होत नाही, कारण प्रत्येक उपक्रमाचा कोणीतरी जन्मदाता समोर बसलेला असतो. प्रत्येक समितीला महिनाभर आधी लेखी विचारा की तुमच्याकडचं कोणतं एक काम पुढच्या वर्षी बंद केलं तर चालेल. जुन्या कामांतून माणसं मोकळी झाल्याशिवाय नव्या योजनेला हात मिळणार नाहीत.

विभागात फूट पडली असेल, तर त्या जखमेसाठी वेळ राखून ठेवा. अमेरिकेत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ७,६०० मंडळ्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडल्या. तिथल्या विभागांना नकाशा, अंदाजपत्रक, नेमणुका सगळंच नव्याने मांडावं लागलं. अशा ठिकाणी मागे राहिलेल्या विश्वासणाऱ्यांची माहिती आधी गोळा करा. त्यांची मंडळी गेली, पण ते गेले नाहीत. ते आता उपासना कुठे करतात, त्यांना कोण भेटतं, हे नावानिशी माहीत असल्याशिवाय वाढीच्या गोष्टी बोलू नयेत.

पाळकांविषयी दोनच गोष्टी. एक, कोणाकडे किती मंडळ्या आहेत आणि आठवड्याची सुटी खरोखर कोण घेतं, हे त्यांना खासगीत विचारून घ्या. दुसरी, बदल्यांची चर्चा या बैठकीच्या पूर्ण बाहेर ठेवा. तिच्यासाठी वेगळी बैठक असते. इथे एका नावाची कुजबुज सुरू झाली की उरलेला दिवस त्यातच जातो. दीक्षेच्या वेळी मेथडिस्ट उमेदवारांना वेस्लीच्या काळापासूनचे प्रश्न विचारतात. तुझ्यावर कामाला अडथळा ठरेल असं कर्ज आहे का, हा त्यांतलाच एक. म्हणजे पाळकाच्या घरच्या ओझ्याची चौकशी करणं हे या परंपरेत नवं नाही.

हिशेब, मालमत्तेची कागदपत्रं, विम्याची मुदत, दुरुस्तीची यादी हे सगळं खजिनदार आणि विश्वस्तांनी दोन पानांत, पंधरा दिवस आधी पाठवावं. बैठकीत वाचून दाखवू नये. मुलांच्या सुरक्षिततेचं धोरण प्रत्येक मंडळीत लेखी आहे का आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पडताळणी झाली आहे का, हे मात्र मंडळीनिहाय तपासा. जिथे नाही तिथे बैठकीची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात काम सुरू करा.

बैठकीची सुरुवात उपासनेने होईलच. ती पंधरा मिनिटांत उरकू नका. मंडळ्यांच्या भेटींत ऐकलेली नावं आणि गरजा त्या प्रार्थनेत मोठ्याने घेतल्या जाव्यात, म्हणून प्रार्थना चालवणाऱ्यांना भेटींच्या नोंदी आधीच द्या. इतिवृत्त लिहिणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवा: प्रश्न, उत्तर, कोण करणार, कधीपर्यंत. व्यक्तीचं नाव नसेल तर तो निर्णय नोंदवू नका. ‘समिती पाहील’ हे नाव धरू नये.

बैठक संपल्यावर आठवड्याभरात मंडळ्यांना पाठवायच्या एका पानाच्या पत्राचा आराखडाही आधीच करून ठेवा. साध्या भाषेत, रविवारी उपासनेत वाचता येईल असा. ज्या मंडळ्यांना भेट दिली त्यांचं सांगणं कुठे पोचलं, हे त्यात दिसलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी मोकळेपणाने बोलणार नाही. सहा महिन्यांनंतरच्या आढाव्याची तारीखही आत्ताच ठरवा. त्या आढाव्याला सगळे नकोत. अधीक्षक, मिशन समितीचे प्रमुख आणि वेगवेगळ्या मंडळ्यांतले चार गटप्रमुख पुरेत. त्या चौघांची नावं निमंत्रणं जाण्याआधी पक्की करा, आणि त्यांना स्वतः फोन करून सांगा.