बोअर घेताना: केसिंग, पाण्याचं मोजमाप आणि पंपाची जागा

बोअर किती फूट गेली याचीच चर्चा जास्त होते, पण ती किती वर्षं टिकणार आणि पाणी पिण्यालायक राहणार का, हे वरच्या दहावीस मीटरांत ठरतं. पुढचं सगळं विवेचन कठीण खडकातल्या बोअरचं आहे. वाळू-गाळाच्या जमिनीत पद्धत वेगळी असते. तिथे बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा) चिखल फिरवत खोदतात आणि पूर्ण खोलीपर्यंत पाइप घालतात. पाण्याच्या थरासमोर जाळीचा पाइप येतो आणि त्याच्याभोवती बारीक गोटे भरतात.

आधी परवानगी आणि भूजलाचे स्थानिक नियम पाहून घ्या. शेजारच्या विहिरी-बोअरची खोली आणि उन्हाळ्यातली पाणीपातळी विचारा, कारण याहून भरवशाची माहिती दुसरी नाही. सेप्टिक टाकीपासून किमान १५ मीटर आणि शोषखड्डा, गोठा, उकिरड्यापासून ३० मीटर लांब, शक्यतो चढाच्या बाजूला जागा घ्या. बोअरची गाडी उभी राहील, तिचा मास्ट (उंच सांगाडा) उभारताना वर विजेची तार येणार नाही आणि उद्या पंप काढायला क्रेन येऊ शकेल, हेही बघा.

माती आणि मुरूम संपेपर्यंत १० इंची बिटने (खोदायच्या टोकाने) खोदायचं, मग ७ इंची केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, उतरवायचं. केसिंग मऊ, कुजलेल्या खडकावर टेकवून थांबू नका. ते पक्क्या खडकात किमान १ मीटर आत बसवा. इथे पाइप वाचवला की पावसाळ्यात मुरूम खाली ढासळतो, गढूळ पाणी येतं आणि एक दिवस पंप अडकून बसतो. केसिंग ओळंब्यात आहे ना, हे वेल्डिंगच्या प्रत्येक जोडाला तपासा. तिरकी बोअर पुढे दुरुस्त होत नाही.

आता सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. केसिंगच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरा. मातीने बुजवलेल्या फटीतून जमिनीवरचं सांडपाणी थेट खाली उतरतं. तळाशी फूटभर बेंटोनाइट टाकून त्यावर सिमेंटची रबडी ओता. ५० किलोच्या पिशवीला सुमारे २७ लिटर पाणी. १० इंची भोक आणि ७ इंची पाइप यांच्यामधल्या पोकळीला मीटरमागे साधारण २६ लिटर रबडी लागते, म्हणजे ६ मीटरला चार पिशव्या. रबडी बारीक नळीने खालून वर भरत आणा, वरून ओतली तर मध्ये पोकळ्या राहतात. घट्ट व्हायला २४ तास लागतात, म्हणून हा थांबा गाडीवाल्याशी आधीच ठरवून घ्या.

त्यानंतर ६.५ इंची बिट आणि हॅमरने (हवेच्या दाबावर ठोके देणाऱ्या हत्याराने) खडक फोडत जातात. दर ३ मीटरला चुरा काढून ओळीने मांडा आणि खोली लिहा. चुऱ्याचा रंग कुठे बदलला, हॅमर कुठे अचानक सरकला, पाणी कुठे लागलं, ही नोंद पुढे पंप बसवताना लागते. खोल गेलं की पाणी मिळेलच असं नाही. कठीण खडकात खोलीबरोबर भेगा सहसा कमी आणि अरुंद होत जातात. बराच वेळ एकसारखी कोरडी भुकटीच येत असेल तर थांबण्याचा विचार करा.

पाणी लागल्यावरची पहिली उसळी फसवी असते, ती भेगांत साठलेल्या पाण्याची असते. कंप्रेसरने तास-दोन तास, धार स्वच्छ होईपर्यंत उपसा करा, मग मोजा. २०० लिटरचा ड्रम ४ मिनिटांत भरला तर तासाला ३,००० लिटर. तरीही अंतिम आकडा पंप लावून, पातळी कुठे स्थिर होते ते पाहूनच ठरवा. आवकेपेक्षा थोडा कमी उपसणारा पंप घ्या. हेड (पंपाला पाणी किती उंच चढवावं लागेल ते) काढताना उपसा चालू असतानाची पातळी, टाकीची उंची आणि पाइपातलं घर्षण धरा.

पंप तळापासून ३ ते ५ मीटर वर ठेवा, नाहीतर गाळ ओढतो. मुख्य झरा पंपाच्या वर असेल तर पाणी वरूनच शोषलं जातं, खालची मोटर थंड होत नाही आणि जळते. अशा वेळी मोटरवर कूलिंग स्लीव्ह (पाणी मोटरवरूनच वाहायला लावणारी नळी) बसवा. कोरडं चालणं रोखणारं उपकरण प्रत्येक बोअरला हवंच.

केसिंग जमिनीपासून अर्धा मीटर वर ठेवून भोवती बाहेर उतरता काँक्रीटचा ओटा करा. मग क्लोरीन द्या. ६.५ इंची बोअरमध्ये मीटरमागे सुमारे २१ लिटर पाणी असतं. ६० मीटर पाण्यासाठी ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर २०० ग्रॅम, बादलीत कालवून निवळी ओता, २४ तास ठेवा आणि वास जाईपर्यंत उपसा. हे पाणी ओढ्यात सोडू नका. काही दिवसांनी कोलिफॉर्म (सांडपाणी मिसळल्याची खूण असणारे जिवाणू), नायट्रेट, फ्लोराइड, क्षार यांची तपासणी करून मगच प्या.

पाणी लागलं नाही तर भोक त्याच दिवशी वेल्डिंगने बंद करा आणि नंतर तळापासून वरपर्यंत भरून टाका. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडतात. गोणपाट आणि दगड म्हणजे झाकण नव्हे.