कळपातला म्होरक्या गिनी पिग आजारी पडतो तेव्हा

गिनी पिग दुखणं लपवतो. म्होरक्या तर शेवटपर्यंत लपवतो. म्हणून त्याचं आजारपण बऱ्याचदा आधी इतरांच्या वागण्यात दिसतं. एरवी दबून राहणारा अचानक घुरघुरत, मागचा भाग डोलवत त्याच्या अंगावरून जायला लागतो आणि म्होरक्या दात वाजवून हाकलण्याऐवजी बाजूला सरतो. त्याच्या आवडत्या घरट्यात दुसरंच कोणी बसलेलं असतं. भाजीच्या वाटीशी पहिला पोचणारा शेवटी येतो. असं दिसलं की भांडणाकडे बघण्याआधी त्याचं वजन करा.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक खोलगट डबा पुरतो. एरवी आठवड्यातून एकदा, शंका आली की रोज एकाच वेळी वजन घ्या. 50 ग्रॅमची घट म्हणजे लक्ष ठेवायची वेळ. दहा टक्के घट, म्हणजे 900 ग्रॅमच्या जनावरात 90 ग्रॅम, झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बारा तास काही खाल्लं नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर काट्याची वाट बघू नका, कारण याचं आतडं रिकामं राहिलं की हालचालच थांबवतं.

उलटंही घडतं. माद्यांच्या कळपातली म्होरकी एकाएकी सगळ्यांवर चढायला लागली, चिडचिडी झाली आणि दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले, तर तो दरारा नसून बहुधा अंडाशयातल्या गाठी असतात. ती तपासणीची बाब आहे.

आता वेगळं ठेवायचं का? सवयीने लगेच वेगळं करतात, आणि बिघडतं ते तिथेच. काही दिवस नजरेआड गेलेला म्होरक्या परत येतो तेव्हा त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो आणि त्याची जागा भरलेली असते. कळप त्याला नवखा समजून अंगावर जातो. वेगळं करण्याची कारणं तीनच: संसर्ग, इतरांची मारहाण, किंवा तो किती खातो आणि किती लेंड्या टाकतो हे मोजण्याची गरज. तेव्हाही त्याच पिंजऱ्यात मध्ये जाळी घाला. नाकाला नाक लागेल, पण डोकं आत जाणार नाही एवढी तिची भोकं हवीत. शिंका, नाकातून स्राव असा श्वसनाचा त्रास असेल तरच दुसरी खोली. खरूज किंवा बुरशी निघाली तर डॉक्टरांना सगळ्यांनाच तपासायला सांगा. एकट्यावर उपचार करून भागत नाही.

दवाखान्यात नेताना कळपातला सर्वांत शांत सोबती त्याच पेटीत न्या. दोघांनाही तोच वास लागतो, आणि आजारी जनावर सोबत असली की खातंही बरं. संसर्ग असेल तेव्हा मात्र हे टाळा. डॉक्टरांना गिनी पिगचा अनुभव आहे का ते आधी विचारा. पोटातून दिलेलं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि जीव घेऊ शकतं.

हाताने भरवायचं असेल तर गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पातळ करा. 1 मिलीची सुई काढलेली सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, बाजूने घाला. अर्धा मिली द्या, चावू द्या, मग पुढचा घास. उताणं धरून भरवलं तर घास फुप्फुसात जातो. 900 ग्रॅमच्या जनावराला दिवसभरात 50 ते 70 मिली, पाच-सहा वेळांत विभागून. पोट ढोलासारखं ताणलेलं असेल तर काहीही न भरवता थेट दवाखाना. खाऊ लागला की ढोबळी मिरची रोज द्या. क जीवनसत्त्व यांचं शरीर तयार करत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी: 27 अंशांच्या वर आजारी जनावर फार लवकर ढासळतं. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवा, गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवा.

परत एकत्र करताना पिंजरा नको, कोणाच्याच मालकीची नसलेली मोकळी जमीन घ्या. मध्ये गवताचा मोठा ढीग, भाजी चार ठिकाणी विखुरलेली, घरटी एकही नाही. घुरघुरणं, चढणं, पाठलाग चालू द्या. दोघं समोरासमोर ताठ उभे राहून दात वाजवत राहिले तर मध्ये पुठ्ठा घाला. रक्त निघालं तर जाड टॉवेल टाकून सोडवा. उघडा हात घातलात तर खोल चावा बसतो. दोन-तीन तास शांत गेले की धुतलेल्या पिंजऱ्यात सगळे एकदमच सोडा, आणि आत दोन तोंडांचीच घरटी ठेवा. एका तोंडाच्या घरट्यात हरलेला कोंडला जातो.

तीन नरांच्या कळपात म्होरक्या बाजूला झाला की उरलेले दोघे आपसात भिडतात, तेव्हा आजाऱ्याइतकंच त्यांच्यावर लक्ष ठेवा.

बरा झालेला म्होरक्या जुनी जागा मिळवेलच असं नाही. त्याला ती मिळवून द्यायला नव्याला दटावू नका, रोज उचलून बाजूलाही ठेवू नका. क्रम लागायला वेळच लांबतो. पुढचे दोन आठवडे सगळ्यांचं वजन मात्र घेत राहा, कारण खाली घसरलेला जखमेशिवायही उपाशी राहू शकतो. वजन उतरू लागलं तर आणखी एक गवताची जागा आणि आणखी एक पाण्याची बाटली लावा, तीही पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला.