स्टॉप बटणाला एनसी संपर्कच जोडा

पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरला, स्टॉप बटण जोडताना एनसी, म्हणजे बटण न दाबता जुळलेला असतो तो संपर्क घ्या. मग २४ व्होल्टच्या नेहमीच्या जोडणीत इनपुटला सतत सिग्नल मिळतो आणि बटण दाबलं की तो जातो. वायर तुटली किंवा टर्मिनलचा स्क्रू ढिला पडला तरी सिग्नल जातो, मशीन थांबतं. एनओ, म्हणजे बटण दाबल्यावरच जुळणारा संपर्क, जोडलात तर तुटलेली वायर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि ऐन वेळी बटण दाबूनही मोटर फिरतच राहते.

नवीन माणूस लॅडरमध्ये (पीएलसीच्या आकृतीरूप प्रोग्राममध्ये) हमखास इथे अडतो: बाहेर एनसी असेल, तर प्रोग्राममध्ये त्या इनपुटला तिरकी रेघ नसलेलं एनओ चिन्ह टाकायचं. इनपुट एरवी ऑनच असतो ना!

इमर्जन्सी स्टॉप मात्र साध्या पीएलसीच्या भरवशावर कधीच सोडू नका. तो सेफ्टी रिलेतून थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा पुरवठा तोडणारा हवा. पीएलसीला फक्त त्याची खबर द्या.

सेन्सरसाठीही हाच विचार. सेन्सरचं वाचन ४ ते २० मिलीअँपिअर प्रवाहाने पाठवणाऱ्या लूपमध्ये वायर तुटली की प्रवाह शून्यावर येतो, त्यामुळे ३.६ मिलीअँपिअरच्या खालच्या वाचनावर अलार्म लावा. मशीन सुपूर्द करण्याआधी, सुरक्षित स्थितीत, स्टॉपची वायर खरोखर काढून बघा.