ग्रुप पॉलिसी बिघडवून बसलात? अशी आणा परत मूळ जागेवर

विंडोजचे अपडेट बंद करायचे म्हणून कुठलातरी व्हिडिओ बघून ग्रुप पॉलिसीत (विंडोजने कसं वागायचं याचे नियम ठरवायची जागा) चार ठिकाणी क्लिक केलं आणि आता सेटिंग्ज उघडलं की वर येतं, काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते. कसली संस्था, घरचा पीसी आहे! माझंही हेच झालेलं, फॉरमॅट मारायला निघालो होतो, पण तेवढी गरज नसते.

आधी बघा पीसी ऑफिसचा तर नाही ना. डोमेनला (ऑफिसच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या नेटवर्कला) जोडलेला असेल तर पॉलिसी सर्व्हरवरून येते, दर दीडेक तासाने नव्याने तपासली जाते, तुम्ही इथे कितीही काढा आज ना उद्या परत येऊन बसणार, तेव्हा आयटीवाल्याला गाठा.

घरचाच असेल तर विंडोज बटण आणि आर दाबून जीपीएडिट डॉट एमएससी टाइप करा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, त्यात सगळ्यात खाली ऑल सेटिंग्ज. तिथे स्टेटच्या कॉलमवर क्लिक केलं की बदललेल्या सगळ्या एकत्र येतात, एकेक उघडून नॉट कॉन्फिगर्ड करायचं, मग खाली युजर कॉन्फिगरेशनमध्येही तेच. इथे बरेच जण गंडतात, डिसेबल्ड केलं म्हणजे पॉलिसी गेली असं वाटतं, पण डिसेबल्ड हासुद्धा हुकूमच आहे. कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स डिसेबल्ड ठेवलं तर अपडेट आपोआप येणारच नाहीत, हाताने घ्यावे लागतील. नॉट कॉन्फिगर्ड म्हणजे हुकूमच नाही.

काय काय बदललं ते आठवतच नसेल तर सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम32 मध्ये जा, व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करा, ग्रुपपॉलिसी आणि ग्रुपपॉलिसीयूजर्स असे दोन फोल्डर दिसतील (दुसरा नसला तरी घाबरू नका). बाकीचे लोक हे फोल्डर डिलीट करा सांगतात, मी म्हणतो नावापुढे जुनं लावून ठेवा, काही बिघडलं तर परत नाव बदलता येतं. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून जीपीअपडेट, स्पेस, स्लॅश फोर्स, एंटर, आणि रिस्टार्ट.

होम एडिशनवाल्यांकडे जीपीएडिट नसतंच, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी थेट रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवतं ती जागा) हात घातलेला असतो. रेजएडिट उघडून एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज इथे बघा, अपडेटचा घोळ असेल तर विंडोजअपडेट नावाची की (फोल्डरसारखा कप्पा) सापडेल. आधी राइट क्लिक करून एक्स्पोर्ट, मगच डिलीट, एक्स्पोर्ट न करता रजिस्ट्रीत काहीही उडवू नका बाबांनो.

पासवर्डचे नियम वगैरे मात्र वरच्या फोल्डरमध्ये नसतात, त्यांचं खातं वेगळं, सेकपोल डॉट एमएससीमध्ये (लोकल सिक्युरिटी पॉलिसी). त्यासाठी नेटवर सेकएडिटची एक लांबलचक कमांड फिरते, ती सिक्युरिटीचं बरंच काही एका फटक्यात बदलते, म्हणून मुद्दाम इथे देत नाही.