फवारणीआधीची फेरी : भाजीपाला आणि द्राक्षबागेत कीड-रोगांची पाहणी कशी करावी

बांधावर उभे राहून पीक हिरवेगार दिसते म्हणून निर्धास्त होणे, किंवा शेजाऱ्याने पंप पाठीला लावला म्हणून आपणही लावणे, याला पाहणी म्हणत नाहीत. पाहणी म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रीतीने, ठरावीक झाडे मोजणे आणि मोजलेले त्याच जागी लिहून ठेवणे. बेळगाव तालुक्यातील कोबी, बटाटा, मिरची असो की अथणीकडची द्राक्षबाग असो, ही शिस्त एकच आहे. बदलते ते फक्त काय शोधायचे.

साहित्य फार लागत नाही. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, पांढरा कोरा कागद, वही, पेन्सिल आणि दोन-तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या पुरेशा आहेत. पांढरी माशी, मावा व नागअळीचे (पानाच्या आत नागमोडी रेषा कोरत खाणाऱ्या अळीचे) माशीरूप यांच्यासाठी पिवळे, तर फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीला लावावेत आणि पीक वाढेल तसे वर सरकवावेत. सापळा कीड आल्याची वर्दी देतो, पण झाडावर ती किती आहे हे सांगत नाही, म्हणून सापळे लावले तरी फेरी चुकवू नये.

आठवड्यातून दोन वेळा, सकाळी ऊन तापण्यापूर्वी फेरी घालावी. मात्र पानांवर दव किंवा पावसाचे पाणी असताना पिकात शिरू नये, कारण जिवाणूजन्य रोग ओल्या हातांनी आणि कपड्यांनी पसरतात. त्याच कारणाने निरोगी प्लॉट आधी आणि रोगट प्लॉट शेवटी पाहावा. एका एकरात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबावे आणि प्रत्येक ठिकाणी चार झाडे पाहावीत. झाड निवडताना नजर आपोआप पिवळ्या, खुरटलेल्या झाडाकडे जाते आणि आकडा फुगतो. त्यावर सोपा उपाय असा की ठरावीक पावले मोजून थांबावे आणि उजव्या हाताला येईल तेच झाड धरावे. बांधालगतच्या ओळींचा हिशेब वेगळ्या रकान्यात ठेवावा, कारण बाहेरून येणारी कीड बहुधा तेथेच आधी दिसते. प्रत्येक झाडाचा शेंडा, मधले पान आणि खालचे पान उलटून पाहावे.

मिरचीबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण येथेच सर्वाधिक पैसा वाया जातो. पाने मुरडली की आपण सरसकट ‘बोकड्या’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यामागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला असेल, तर संशय फुलकिड्यांवर घ्यावा : फूल किंवा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे पळताना दिसतात. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद झाले असेल आणि देठ लांबला असेल, तर पिवळा कोळी असण्याची शक्यता अधिक. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कोवळ्या पानाची खालची बाजू भिंगाखाली धरावी लागते. पाने बारीक होऊन झाड खुजे राहिले आणि त्यावर किडा काहीच सापडत नसेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू समजावा. असे झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही, ते सुरुवातीलाच उपटून शेताबाहेर न्यावे. एका हंगामात मी भिंग घरी विसरलो, मुरडलेला शेंडा औषध दुकानात दाखवला आणि तेथे मिळालेले फुलकिड्यांचे औषध दोनदा फवारले. पाने खाली वळलेली होती, हे शेंडा खुडतानाच माझ्या लक्षात यायला हवे होते. कोळी तर हलला नाहीच, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मेले.

कोबी-फ्लॉवरमध्ये चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी पानाचा पातळ पापुद्रा शिल्लक ठेवून खाते, त्यामुळे पानाला बारीक खिडक्या पडल्यासारखे दिसते. हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती अळी काडीने डिवचली की वळवळत धाग्यावरून खाली लोंबते. ही खूण सहसा चुकत नाही. लागणीनंतरच्या पहिल्या महिन्यात झाडामागे सरासरी 2 अळ्या हा उपायाचा टप्पा सामान्यतः धरला जातो. मात्र अळ्यांजवळ तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष दिसले, तर ते परोपजीवी, म्हणजे अळीच्या शरीरावर वाढून तिला मारणाऱ्या, गांधीलमाशीचे असू शकतात. अशा वेळी मी तीन दिवस थांबून पुन्हा मोजतो.

रोगाची खूण डागाच्या जागेत आणि आकारात असते. कोबीच्या पानाच्या कडेपासून आत निमुळता होत जाणारा पिवळा पट्टा आणि काळ्या पडलेल्या शिरा म्हणजे काळी कूज. टोमॅटोचे किंवा बटाट्याचे हिरवे झाड अचानक माना टाकत असेल, तर बुडाजवळच्या खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगावा. काही मिनिटांत दुधाळ धार उतरली, तर ती जिवाणूजन्य मर होय. द्राक्षाच्या पानावरील तेलकट डागाबद्दल शंका असल्यास पान ओलसर पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी डागाच्या खालच्या बाजूस पांढरी लव आली, तर तो डाऊनी, म्हणजे केवडा रोग. खानापूरकडच्या पावसाळी पट्ट्यात अशा रोगांसाठी पाऊस उघडताच जादा फेरी घालावी, तर अथणीच्या कोरड्या हवेत कोळी आणि फुलकिड्यांकडे लक्ष अधिक द्यावे.

निपाणी भागासाठी एक वेगळी खबरदारी आहे. तंबाखूवरील मोझॅक विषाणू टोमॅटो, मिरची आणि ढोबळी मिरचीलाही लागतो आणि तो हातांनी पसरतो. म्हणून तंबाखू हाताळलेल्या किंवा मळलेल्या हातांनी ही रोपे धरू नयेत, साबणाने हात धुऊनच फेरीला जावे.

वहीत तारीख, पिकाचे वय, हवामान, पाहिलेली झाडे आणि प्रत्येक किडीची संख्या लिहावी. काही सापडले नाही तर शून्य लिहावे, रकाना रिकामा सोडू नये. सीमाभागातील शेतकऱ्याने किडीचे कन्नड नावही शेजारी टिपावे, कारण रयत संपर्क केंद्रातील (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयातील) माहितीपत्रक बहुधा कन्नडमध्येच हाती पडते : भुरीला (पानांवर राखेसारखी पांढरी पूड आणणाऱ्या रोगाला) ‘बूदी रोग’, कोळ्याला ‘नुसी’, पांढऱ्या माशीला ‘बिळी नोण’ म्हणतात, एवढे ठाऊक असले तरी निम्मे काम होते. बूदी म्हणजे राख, त्यामुळे ते नाव भुरीला चपखलच बसते.

निर्णय एका आकड्यावर घेऊ नये. सोमवारी झाडामागे 1 आणि गुरुवारी 3 अळ्या असतील तर हालचाल करावी. सोमवारी 3 आणि गुरुवारी 2 असतील तर पंप खाली ठेवावा. फवारणी केलीच, तर दोन ओळी न फवारता सोडाव्यात आणि चौथ्या दिवशी दोन्हीकडे सारखीच झाडे मोजावीत. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर औषध किंवा निदान यांपैकी एक चुकले आहे असे समजून भिंग पुन्हा हातात घ्यावे.