दादा-वहिनी तीन वर्षं मिशनवर: गावाकडच्या घरच्यांनी काय काय सांभाळायचं

आपल्याकडचे पोट्टे पुण्याला, हैदराबादला, दुबईला जातात त्याची आता गावाला सवय झाली. पण नवरा-बायको-लेकरं असं पूर्ण कुटुंबच चर्चच्या कामासाठी तीन वर्षं परदेशात जातं म्हटलं की मागे राहिलेल्यांना काही सुचत नाही, फोन कधी करायचा, वावराचं काय करायचं, गावाला काय सांगायचं. आमचा दादा आणि वहिनी दोन्ही लेकरांना घेऊन फिलिपिन्समध्ये आहेत, आम्ही इकडे मोर्शीच्या बाजूला, संत्र्याच्या पट्ट्यात. दादा नोकरीला हैदराबादला होता तेव्हाच त्या चर्चमध्ये गेला, लोक ज्याला मॉर्मन म्हणतात ते. हैदराबादला त्यांचं काम जुनं आहे, भारतातला त्यांचा पहिला स्टेक, म्हणजे बऱ्याच मंडळ्या मिळून एक मोठा विभाग, 2012 मध्ये तिथेच झाला. आता विदर्भातल्या अजून कोणाच्या घरून असं कोणी गेलं किंवा जाणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी त्यांचं काम काय आहे ते नीट समजून घ्या, कारण घरातले अर्धे रुसवेफुगवे ते न समजल्यामुळे होतात. दादा-वहिनी तिकडे मिशन लीडर आहेत, आणि मिशन लीडर म्हणजे नुसतं प्रवचन देणारा माणूस नाही. त्यांच्या चर्चची तरुण पोरंपोरी, पोरं दोन वर्षं आणि पोरी दीड वर्ष, घरदार सोडून सेवेला येतात, जोडीजोडीनं राहतात, पोराला एल्डर म्हणतात आणि पोरीला सिस्टर. अशी शंभर-दीडशे, कुठे त्याहून जास्त पोरं एका मिशनमध्ये, म्हणजे सेवेच्या एका विभागात, असतात आणि त्या सगळ्यांची जबाबदारी दादा-वहिनीवर. कोण कुठल्या गावात राहील, कोणाची जोडी कोणासोबत, कोणाला घरची आठवण येऊन रडू येतंय, कोणाला डेंग्यू झाला, सगळं. बदल्या साधारण दर सहा आठवड्यांनी होतात आणि तो आठवडा म्हणजे घरात कोणाचा पाय जमिनीवर नसतो. मी एकदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं, वहिनी ओट्यापाशी कांदा चिरत होती, आमच्याशी बोलता बोलता दुसरा फोन वाजला, तिनं हात पदराला पुसला आणि तिकडच्या पोराला विचारायला लागली, ताप किती आहे, लघवी होतेय का, पाणी किती प्यालास, सोबतच्याला फोन दे. आजारी पोरांचा फोन बहुतेक तिलाच येतो. आई बाजूला बसून ऐकत होती, तिला भाषा कळली नाही पण काम कळलं, त्या दिवसापासून "सून फोन करत नाही" हे वाक्य आमच्या घरातनं गेलं. म्हणून सांगतो, म्हाताऱ्या माणसांना एकदा तरी हे काम चालू असताना दाखवा, समजावून सांगण्यापेक्षा ते बरं.

आता फोनची वेळ. फिलिपिन्स आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपण संध्याकाळी सातला वावरातनं येऊन हातपाय धुऊन फोन लावतो तेव्हा तिकडे साडेनऊ झालेले असतात, ती सेवेची पोरं नऊच्या सुमारास खोलीवर परततात आणि मग अडचणींचे फोन तेव्हाच सुरू होतात. त्यामुळे आपली रोजची सोयीची वेळ नेमकी त्यांची सगळ्यात वाईट वेळ. दुपारी साडेतीन-चारला लावा, तिकडे सहा-साडेसहा असतात, लेकरं शाळेतनं आलेली असतात. सोमवारी मात्र दादाच्या मागे लागू नका. सोमवार हा बहुतेक मिशनमध्ये त्या पोरांचा कपडे धुवायचा, बाजारहाटाचा, घरी बोलायचा दिवस, आणि त्याच दिवशी प्रत्येकजण मिशन लीडरला आठवड्याचं पत्र लिहितो, म्हणजे शंभरावर पत्रं एकट्यानं वाचायची. वरून सोमवारची संध्याकाळ त्यांच्याकडे कुटुंबासाठी राखलेली असते, ही पद्धत त्यांच्यात 1915 पासून आहे, लेकरांसोबत बसून प्रार्थना, गाणं, खेळ, काहीतरी गोड खाणं. त्या एका संध्याकाळी ती लेकरं आईबापाला मिळतात, ती आपण खाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या मुलाशी जेवढं बोलायचं मन आपल्याला होतं तेवढंच त्या लेकरांनाही बापाशी बोलायचं असतं ना.

रविवारी त्यांची सभा दोन तासांची असते आणि त्या दिवशी ते खरेदी-विक्री, पैशाचे व्यवहार करत नाहीत. तेव्हा "जरा बँकेचं ॲप उघड आणि अमुक एवढं टाक" हे रविवारी सांगू नका, शनिवारी सांगा नाहीतर मंगळवारी. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, दोन वेळचं जेवण आणि पाणीसुद्धा नाही, आणि त्या वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. आमच्या आईला हे ऐकून लय बरं वाटलं, ती आता त्या रविवारी मुद्दाम फोन करून विचारते सुटला का उपास म्हणून.

आणि दोन दिवस फोन लागला नाही तर लगेच घाबरून जाऊ नका, पहिले त्या भागात वादळ आलं का ते बघा. फिलिपिन्सच्या टापूत वर्षाला सरासरी वीसेक चक्रीवादळं येतात, जास्त करून जून ते नोव्हेंबर. वादळ आलं की दादाला प्रत्येक जोडी सुखरूप आहे की नाही ते पक्कं केल्याशिवाय झोप नाही, लाईट गेलेली, नेटवर्क गेलेलं. आम्ही ठरवून ठेवलंय की अशा वेळी पुतणी फक्त एक अंगठ्याचं चिन्ह पाठवते, बस, तेवढं आलं की इकडे सगळे जेवतात. तुम्हीही असं काहीतरी ठरवून ठेवा, आणि ते काम लेकरांकडे द्या, आईबापाकडे नको.

पैशाचं बोलू. गावात सगळ्यांना वाटतं परदेशात गेला म्हणजे डॉलर मोजतो. मिशन लीडरला पगार नसतो. राहण्या-खाण्याचा, गाडीचा खर्च चर्च उचलतं, पण चांगली नोकरी सोडून तीन वर्षं माणूस बिनपगारी जातो. म्हणजे त्यांच्याकडनं घरी पैसा येणार नाही असं धरूनच हिशोब करा. विहिरीची मोटर जळली, बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं, तर ते पैसे कुठून येतील हे जायच्या आधी बसून बोलून घ्या, आईबाबांसमोर बोला, लाजू नका. आणि गावातलं कोणी उसने मागायला त्यांचा नंबर मागत असेल तर देऊ नका, सरळ सांगा की त्याला पगारच नाही.

कागदपत्रांची कामं सगळ्यात किचकट आणि ती निघायच्या आधीच करायची. दादाच्या नावावरचं वावर असेल तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन कुलमुखत्यारपत्र नोंदवून घ्या. परदेशात गेल्यावर करायचं म्हटलं तर तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन साक्षांकित करावं लागतं, मग तो कागद इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, कोण धावाधाव करेल. बँकेलाही कळवा, माणूस अनिवासी झाला की साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं, करावं लागतं. पीएम किसानचा हप्ता अनिवासी माणसाला लागू नाही, तो तसाच येत राहिला तर पुढे वसुली निघते, म्हणून तो आपणहून बंद करा. जमीन मात्र राहते, आहे ती शेतजमीन कोणी काढून घेत नाही, फक्त अनिवासी असताना नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, तेव्हा बांधाला बांध लागून वावर विकायला निघालं तर ते दुसऱ्या कोणाच्या नावानं घ्यायचं हे आधीच बोलून ठेवा.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची सरकारी नोंद, वावरात उभं राहूनच करावी लागते पण एका मोबाईलवरून बऱ्याच खातेदारांची करता येते, त्यामुळे तुमच्यासोबत त्याचीही उरकून घ्या. खरिपाच्या पीक विम्याची तारीख साधारण जुलैअखेर असते, ती चुकली तर वर्ष गेलं. आणि दादाचं आधारला जोडलेलं सिमकार्ड, याचा विचार कोणी करत नाही, त्याचं रिचार्ज बंद पडू देऊ नका, नंबर गेला की ओटीपी गेला आणि ओटीपी गेला की सगळंच अडलं. ते सिम घरातल्या जुन्या फोनमध्ये टाकून ठेवा आणि त्यावर आलेला ओटीपी दादाशी बोलल्याशिवाय कोणालाही सांगू नका, घरातल्यालाही नाही.

वावर मक्त्यानं द्यायचं का सालदार ठेवून स्वतः करायचं हे तुमच्या ताकदीवर. संत्र्याची बाग मक्त्यानं देऊ नका असं मी म्हणेन, झाड तीन वर्षं दुसऱ्याच्या हातात गेलं की फळ तोडतो पण आळं आणि खत कोणी बघत नाही. सोयाबीन-कपाशीचं वावर द्या बिनधास्त, पण कागदावर लिहून द्या, भावकीतला असला तरी.

खायचं पाठवायचं म्हटलं की आईचा हात थांबत नाही. तिकडे भात भरपूर, मासे भरपूर, पण ज्वारीचं पीठ मिळणं मुश्कील, आणि तिखट आपल्यासारखं नाही. कुरोड्या, सांडगे, जवसाची चटणी, भिवापुरी मिरचीचं तिखट, काळा मसाला, एवढं चांगलं टिकतं. तिखट डबल पिशवीत बांधा आणि वर काय आहे ते स्पष्ट लिहा. बी-बियाणं, ताजी पानं, मांसाचं काहीच टाकू नका, कस्टमवाले अडवतात, कुरिअरवाल्याला यादी आधी दाखवून घ्या. चहापत्ती पाठवू नका. त्यांच्यात 1833 पासूनचा नियम आहे, चहा, कॉफी, दारू, तंबाखू काही नाही. आपल्याकडे चहा नाही घेतला की माणसाला अपमान वाटतो, पण दादानं नाही म्हटलं तर तो नियम पाळतोय, नातं तोडत नाही. गवती चहा त्यांना चालतो, तो तिकडेही उगवतो, तांगलाद म्हणतात त्याला, वहिनी त्यात सुंठ टाकून करते.

लेकरांकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण मिशन आईबापांनी स्वीकारलं, लेकरं सोबत गेली. पुतण्या पंधरा वर्षांचा आहे. त्यांच्यात चौदा ते अठरा वर्षांच्या पोरांना सेमिनरी नावाचा धर्माभ्यासाचा वर्ग असतो, बऱ्याच ठिकाणी शाळेच्या आधी भल्या सकाळी, मग शाळा, मग घरात सतत पाहुणे आणि मीटिंगा. त्याला मित्र नाहीत असं तो आईला सांगत नाही, मला सांगतो. तेव्हा काका, आत्या, मामा यांच्यापैकी एकानं तरी फक्त पोरांसाठी वेगळा फोन करत जा, त्यात धर्म, अभ्यास काही काढू नका, क्रिकेट काढा, बैल कसे आहेत ते दाखवा. आम्ही पोळ्याला जोडी सजवताना कॉल लावतो. महालक्ष्म्या आमच्याकडे बसतात, तेव्हा पूजेच्या वेळी नाही लावत, पंगत बसली की लावतो, आंबील आणि कथली बघून वहिनी तिकडे गिळत असते आणि सगळ्यांना नावानिशी विचारते. कोणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

गावात लोक विचारतील, टोमणेही मारतील, बाटला, पैसे मिळाले असतील वगैरे. चिडू नका. पगार नाही, नोकरी सोडून गेला, तीन वर्षांनी परत येणार, एवढं सांगा आणि विषय संपवा. आईबाबांना देवळात जाताना कोणी टोचून बोललं तर मात्र तिथल्या तिथे घरातल्या तरुण माणसानं उत्तर द्यावं, म्हाताऱ्यांना एकटं सोडू नये.

अजून एक अवघड गोष्ट, बाबांना काही झालं तर काय. हे आधीच बोला. कोणता दवाखाना, कोण सोबत जाईल, अमरावतीला न्यायचं का नागपूरला, दादाला कधी कळवायचं, आणि तो पोचू शकला नाही तर पुढचं कोण करेल. आमच्या बाबांनी स्वतःच विषय काढला आणि माझं नाव घेतलं, दादासमोर. त्यामुळे त्याच्याही मनावरचं ओझं उतरलं.

परतीचं नियोजन शेवटच्या वर्षीच्या पाडव्यालाच सुरू करा. नवे मिशन लीडर 1 जुलैच्या सुमारास रुजू होतात, म्हणजे आपले लोक त्याच दिवसांत मोकळे होतात, आणि तोवर इकडे पेरण्या झालेल्या असतात. मक्ता पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असतो, तेव्हा जुलैत आल्या आल्या वावर हातात मिळणार नाही, पुढच्या पाडव्यापर्यंतचा करार धरा. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणून लेकरांच्या प्रवेशाचं शाळेत एप्रिलमध्येच बोलून ठेवा, टीसी, मार्कशीट, जन्मदाखल्याच्या प्रती घरी एका फाईलमध्ये असू द्या. दादाला नोकरी शोधायला वेळ लागेल, तेवढ्या महिन्यांचा किराणा आणि फीचे पैसे संत्र्याच्या मृग बहाराच्या पैशातनं बाजूला काढून ठेवले तर बरं, आम्ही तेच करतोय.