बालवाडीत मूल गप्प असेल तेव्हा

परक्या देशात आल्यावर घर, कागदपत्रं आणि नोकरी यांच्या धावपळीत मुलाची बालवाडी ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट वाटते. खेळणी आहेत, रंग आहेत, आठवड्याभरात रमेल, असं आपण धरून चालतो. माझी मुलगी चार वर्षांची होती आणि पाच महिने वर्गात एक शब्दही बोलली नाही. घरी मात्र तिची टकळी अखंड चालू. ते पाच महिने मी ज्या धास्तीत काढले ती तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच लहान मुलं अशी गप्प होतात. अभ्यासक याला मूक काळ म्हणतात. कुणाचा काही आठवड्यांत सरतो, कुणाचा कित्येक महिने चालतो. पण मूल तेव्हा रिकामं बसलेलं नसतं. कोणता शब्द ऐकून सगळे बूट घालायला धावतात, खेळणं हवं असेल तर काय म्हणायचं, बाई कधी खरंच रागावतात, हे सगळं ते टिपत असतं. माझी मुलगी संध्याकाळी बाहुल्यांना ओळीत बसवायची आणि बाईंच्याच भाषेत, बाईंच्याच सुरात दटावायची. मी हे बाईंना सांगितलं, आणि त्या दिवसापासून चित्र पालटलं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर प्रश्न विचारणं बंद केलं. दोन वस्तू पुढे धरायच्या आणि बोट दाखवून निवडू द्यायचं. गाणी हातवाऱ्यांसकट म्हणायची, म्हणजे तोंड न उघडताही तिला त्यात भाग घेता येई. घरी काय चाललंय हे बाईंना कळायला दुसरा मार्ग नसतो, तेव्हा तुम्हीच जाऊन सांगा. आणि "आज बोललीस का?" हा प्रश्न रोज विचारू नका. मी विचारत होते, आणि तिचा चेहरा पडायचा.

काळजी कधी करावी? मूल घरच्या भाषेतही वयाच्या मानाने फार मागे असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, खुणा करूनही काही सांगू पाहत नसेल, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या, मग वाचातज्ज्ञाकडे जा. तपासणी दोन्ही भाषांत व्हावी, असा आग्रह धरा. मुलाला एका भाषेतले साठ शब्द आणि दुसऱ्या भाषेतले चाळीस येत असतील, तर फक्त दुसऱ्या भाषेतले मोजून त्याला मागे पडलेलं ठरवणं चूक आहे. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. एकाच वाक्यात दोन भाषा मिसळणं हेही अगदी स्वाभाविक आहे. नवी भाषा चांगली समजू लागली, घरी मूल मोकळं बोलतं, तरीही वर्गात महिनोन्‌महिने थिजल्यासारखंच राहिलं, तर मात्र तो निव्वळ मूक काळ नसू शकतो. तेव्हा तज्ज्ञाला दाखवाच.

"घरीसुद्धा इथलीच भाषा बोला, म्हणजे लवकर शिकेल," हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मलाही मिळाला होता, तोही चांगल्या मनाने. मी महिनाभर तो पाळला. माझ्या मोडक्यातोडक्या वाक्यांत गोष्ट सांगता येईना, समजूत घालता येईना. मुलगी दिवसभरात काय झालं ते मला सांगेनाशी झाली. मी पुन्हा मराठीवर आले. ज्या मुलाची पहिली भाषा पक्की असते, त्याला दुसरी भाषा शिकताना तिचाच आधार मिळतो. जिम कमिन्स या अभ्यासकाने हे फार पूर्वी मांडलं. खेळताबोलतानाची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात, पण अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात, हेही त्याने दाखवून दिलं. म्हणून मूल मैदानावर फडाफडा बोलू लागलं की आता सगळं जमलं, असं समजू नका. आणि घरची भाषा सोडून मिळवण्यासारखं काहीच नाही.

पहिल्या आठवड्यासाठी एक काम करा. शू आली, तहान लागली, दुखतंय, झोप आली, आई येणार आहे, अशी सात-आठ मराठी वाक्यं बाईंच्या लिपीत लिहून द्या आणि तुमच्या आवाजात ध्वनिमुद्रित करूनही द्या. मुलाचं नाव कसं उच्चारायचं ते न संकोचता, हवं तर दहा वेळा सांगा. लोकांना सोपं जावं म्हणून नाव तोडू नका. निघताना मूल रडलं तरी नजर चुकवून पळू नका, "येते" म्हणूनच निघा. गुपचूप गेलेल्या आईची मूल दिवसभर दाराकडे बघत वाट पाहतं. सुरुवातीला तासभर, मग दोन तास, असा वेळ वाढवू देतील का, हेही विचारा.

तुमच्या मुलाच्या वर्गात निर्वासित कुटुंबातलं मूलही असेल. आपण ठरवून आलो, त्यांना पळून यावं लागलं. त्या मुलाला मोठा आवाज, घंटा, बंद दार, दुपारची झोप यांतलं काहीही असह्य होऊ शकतं. सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येऊ शकते. एकच खेळ, कधी पडझडीचा, कधी पळण्याचा, ते पुन्हा पुन्हा खेळेल. त्याला "तुझ्या देशात काय झालं?" असं विचारू नका, तुमच्या मुलालाही विचारू देऊ नका. रोज तीच जागा, तीच माणसं आणि दिवसाचा तोच क्रम यांनी त्याला जो धीर येतो, तो प्रश्नांनी येत नाही.

हक्क ठाऊक असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात शिक्षणाचा हक्क आहे, निर्वासित मुलांसाठी वेगळं कलम आहे आणि शिक्षणातून मुलाच्या स्वतःच्या भाषेचा मान राखला जावा असंही म्हटलं आहे. शिक्षणाचा हा हक्क जन्मापासूनच सुरू होतो, असं त्या कराराच्या समितीने 2005 मध्ये स्पष्ट केलं. बालवाडीची व्यवस्था देशोदेशी वेगळी असते, त्यामुळे तिथले नियम विचारून घ्यावेच लागतील, पण विचारताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका.

पालकसभेला दुभाषा हवा असेल तर आधीच लेखी मागा. मोठ्या मुलाला दुभाषा म्हणून बसवू नका. भावंडाविषयीची कठीण गोष्ट आईबापांना सांगण्याचं ओझं आठ-दहा वर्षांच्या पोरावर पडता कामा नये. आणि सभेत कोपऱ्यात एकटी बसलेली एखादी आई दिसली, तर तिच्या शेजारची खुर्ची घ्या. पुढच्या सभेची तारीख आणि वेळ कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून तिच्या हातात द्या. ते वाचायला भाषा लागत नाही.